नागपूरचा ‘जॉन स्मिथ’

‘जॉन स्मिथ’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर गोरा साहेबच येणार. पण १९३८ साली स्पेनमध्ये पकडलेल्या सैनिकांतला एक जॉन स्मिथ चक्क मराठी होता. खरं नाव गोपाळ मुकुंद हुद्दार. नागपूरकरांचे बाळाजी.

डॉ. हेडगेवारांचे हे सुरुवातीचे सहकारी. १९२९ मध्ये ते संघाचे सरकार्यवाह झाले. १९३१ च्या बालाघाट इथल्या राजकीय दरोड्याच्या खटल्यात त्यांना तुरुंगवास झाला. सुटल्यावर पत्रकारिता शिकायला त्यांनी लंडन गाठलं.

तेव्हा स्पेनमध्ये यादवी पेटलेली. निवडून आलेल्या सरकारविरुद्ध जनरल फ्रँको उठला होता आणि हिटलर-मुसोलिनी त्याला विमानं, सैन्य पुरवत होते. सरकारच्या बाजूनं लढायला पन्नासएक देशांतून सुमारे ३५ हजार स्वयंसेवक गेले. खाणकामगार, विद्यार्थी, कवीसुद्धा! त्यांच्यातल्या ब्रिटिश बटालियनला नाव कुणाचं होतं माहितीये? मुंबईत जन्मलेल्या शापूरजी सकलातवालांचं. जमशेटजी टाटांचा हा भाचा ब्रिटिश संसदेत कम्युनिस्ट खासदार होता.

फेब्रुवारी १९३७ मध्ये हारामाच्या लढाईत ही बटालियन उतरली, तेव्हा माणसं होती सुमारे ६००. पहिल्या दिवसाअखेर लढण्याजोगे उरले २२५ च्या आसपास. बहुतेकांना बंदूक धरायचा धड सराव नव्हता.

हे सगळं घडून गेल्यावर, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हुद्दार नाव बदलून भरती झाले. वय पस्तीस. ज्या सरकारनं त्यांना तुरुंगात टाकलं, त्याच देशातल्या कामगार पोरांबरोबर खंदकात. आपला देश पारतंत्र्यात असताना दुसऱ्याच्या लढाईत कशाला पडायचं, असं तुम्हाला वाटेल. त्यांना ती दुसऱ्याची वाटलीच नसावी.

एप्रिल १९३८ मध्ये गांदेसाजवळ ते फ्रँकोच्या सैन्याच्या हाती सापडले. बुर्गोसजवळच्या एका जुन्या मठात कैद्यांना कोंबलं होतं, तिथं काही महिने काढून त्याच वर्षी सुटले.

मायदेशी परतले ते वेगळेच होऊन. १९३९ मध्ये सुभाषबाबूंच्या वतीनं ते हेडगेवारांना भेटायला नाशिकला गेले. हेडगेवारांनी आजारपणाचं कारण सांगून सुभाषबाबूंची भेट टाळली, असं हुद्दारांनी पुढे १९७९ मध्ये स्वतःच लिहिलं. त्या भेटीनंतर वर्षभरातच ते कम्युनिस्ट पक्षात गेले. १९८१ मध्ये वारले.