घाटाखालचे इस्राएल : हाईम सॅम्युएल केहीमकर



मिस्सेतील पहिल्या वाचनात आपण इस्राएल लोकांविषयी वारंवार ऐकतो. अब्राहामाला दिलेले वचन, मिसर देशातील गुलामगिरी, बाबिलोनचा बंदिवास आणि परतीची वाट. ऐकता ऐकता हे लोक आपल्याला फार दूरचे वाटू लागतात. प्रत्यक्षात भोरहून वरंधा घाट उतरून महाडला गेले आणि तिथून उत्तरेकडे रोहा, पेण, अलिबागची वाट धरली, की त्यांच्यातलेच काही लोक ज्या गावांत शेकडो वर्षे मराठी बोलत राहिले ती गावे लागतात. हे लोक स्वतःला 'बेने इस्राएल' म्हणजे इस्राएलची संतती म्हणवतात. त्यांचा इतिहास ज्यांनी प्रथम सविस्तर लिहून ठेवला त्या हाईम सॅम्युएल केहीमकर यांच्या जीवनाची आज ओळख करून घेऊ या.

केहीमकरांचा जन्म १८३० चा. पेशवाई जाऊन बारा वर्षे झाली होती. अलिबाग भागावर आंग्र्यांचे राज्य होते आणि पुढे १८४० साली कंपनी सरकारने तेही खालसा केले. अलिबागजवळच्या किहीम गावावरून हे आडनाव पडले. पेणकर, नवगावकर, दिवेकर, अष्टमकर, राजपूरकर अशी बेने इस्राएलांची आडनावे आहेत. पहिली नावे बायबलमधली आणि आडनावे कोकणातली. एका नावात त्यांच्या दोन मायभूमी शेजारी शेजारी बसलेल्या दिसतात.

केहीमकर ज्या समाजात जन्मले त्याच्या परंपरेत एक कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जात होती. फार पूर्वी त्यांच्या पूर्वजांचे गलबत चौलच्या उत्तरेस नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. समुद्राने बाहेर टाकलेली प्रेते नवगावला पुरण्यात आली. धर्मग्रंथ व सामानसुमान सारे बुडाले. वाचलेल्यांनी गावकऱ्यांच्या आश्रयाने घाण्यावर तेल काढण्याचा धंदा धरला. हळूहळू हिब्रू भाषा विसरली गेली, सणांची मूळ नावे विसरली गेली. मात्र शनिवारी ते घाणा चालवीत नसत. म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले.

मुलांची सुंता आठव्या दिवशी होत राहिली. खवले व पर नसलेला मासा ते खात नसत. आणि देव एकच आहे असे सांगणारी 'शमा' ही एक प्रार्थना ओठांवर टिकून राहिली. अनुवादाच्या पुस्तकातील सहाव्या अध्यायात ती येते आणि सर्वांत मोठी आज्ञा कोणती असे विचारले असता प्रभू येशूने हिचाच आधार घेतला, हे आपण मार्कच्या शुभवर्तमानात वाचतो. परंपरा पुढे सांगते की दावीद रहाबी नावाचा एक यहुदी विद्वान कोकणात आला. हे लोक खरोखर आपले आहेत की नाहीत, हे पाहण्यासाठी त्याने स्त्रियांपुढे निरनिराळे मासे ठेवले. त्यांनी खवल्यांचे मासे निवडून घेतले व बाकीचे बाजूला सारले. तेव्हा त्याची खात्री पटली आणि त्याने त्यांना धर्माचे शिक्षण दिले.

अठराव्या शतकात बेने इस्राएल कुटुंबे मुंबईस येऊ लागली. कोणी सुतारकी, कोणी गवंडीकाम, तर पुष्कळजण कंपनीच्या पलटणीत. त्यांतील एक अधिकारी सामाजी हसाजी दिवेकर टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आले व त्यांनी १७९६ साली मुंबईत समाजाचे पहिले सभास्थान बांधले. पुढे स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रूचे व्याकरण मराठीत छापले. मिशनच्या शाळांतून बेने इस्राएल मुले शिकली, मराठी बायबल घरोघर वाचले जाऊ लागले. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता हे उघड आहे. परंतु घडले वेगळेच. आपलाच धर्मग्रंथ आपल्या भाषेत हाती आल्यावर हा समाज आपल्या मूळ धर्मात अधिक घट्ट झाला. फार थोड्यांनी धर्म बदलला. आपण पेरतो ते देवाच्या शेतात कोणत्या रूपाने उगवेल, हे आपल्या हाती नसते.

केहीमकर या नव्या शिक्षणाच्या काळात वाढले. समाज संख्येने लहान व गरीब. शिकलेली मुले मोजकी. मिशनच्या शाळेत जावे तर धर्माची काळजी, न जावे तर अज्ञान, अशी आईबापांची कोंडी. १८५३ साली, म्हणजे वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी, केहीमकरांनी काही सहकाऱ्यांसह समाजात शिक्षणाचा प्रसार करण्यासाठी एक संस्था काढली. शाळा प्रत्यक्षात उभी राहायला बावीस वर्षे लागली. १८७५ साली मुंबईत 'इस्राएलाइट स्कूल' सुरू झाली. तिथे मराठी, इंग्रजी आणि हिब्रू या तिन्ही भाषा शिकवल्या जात. मराठी घरासाठी, इंग्रजी पोटासाठी आणि हिब्रू प्रार्थनेसाठी. लंडनच्या यहुदी संस्थेकडून मदत मिळवण्यासाठी केहीमकरांनी सतत पत्रव्यवहार केला. हीच शाळा पुढे माझगावची सर एली कदुरी शाळा म्हणून प्रसिद्ध झाली. आज तिथे शिकणारी बहुतेक मुले यहुदी नाहीत. एका लहान समाजाने आपल्यासाठी लावलेल्या झाडाची सावली अशी सर्वांना मिळाली.

त्याच सुमारास आपल्या पुण्यातही या समाजाचे काम चालू होते. १८७४ साली पुण्यात वल्हांडण सणाचे एक पुस्तक शिळाछापावर छापले गेले. हिब्रू मजकूर, त्याचे मराठी भाषांतर आणि सोबत चित्रे. त्या चित्रांत सणाची बेखमीर भाकर करणाऱ्या स्त्रिया नऊवारी नेसलेल्या आहेत. मिसर देशातून सुटका झाल्याची कथा पुण्याच्या माजघरात बसून सांगितली जात होती, याचा हा पुरावा. १८८० पासून तर बेने इस्राएलांनी कीर्तनाचा बाज घेऊन अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने मराठीत रंगवली.

केहीमकरांना एका गोष्टीची तळमळ होती. जुनी माणसे एकेक करून जात होती. त्यांच्याबरोबर सणांची मराठी नावे, विधी, गावोगावच्या आठवणी नष्ट होत होत्या. नवी पिढी शुद्ध हिब्रू नावे शिकत होती आणि आजीची नावे विसरत होती. प्रायश्चित्ताच्या दिवसाला जुने लोक 'दारफळणीचा सण' म्हणत, कारण त्या दिवशी दारे लावून घरात उपवास करायचा. नवीन वर्षाचा सण तो 'नव्याचा सण'. एक होता 'खिरीचा सण'. एलिया संदेष्ट्याच्या नावाने पोहे, नारळ, गूळ व फळे यांचा मलिदा करीत. हे सारे त्यांनी नोंदवून ठेवले. पलटणीत नाव कमावलेल्यांची यादीही केली. १८९७ च्या सुमारास त्यांचा बेने इस्राएलांचा इंग्रजी इतिहास लिहून पूर्ण झाला.

या ग्रंथात त्यांनी एक मोठा प्रश्न हाती घेतला : आम्ही आलो कुठून आणि कधी? त्यांचे उत्तर असे की पूर्वज गालील प्रांतातून इ. स. पूर्व १७५ च्या सुमारास निघाले. हा काळ आपल्याला परका नाही. राजा अंतियोख एपिफानेस याने केलेला छळ आणि यहुदा मक्काबीचा लढा आपल्या कॅथलिक बायबलमधील मक्काबींच्या दोन पुस्तकांत आहे. इ. स. पूर्व १६४ मध्ये मंदिर पुन्हा शुद्ध करण्यात आले व त्याच्या स्मरणार्थ हनुक्का हा सण सुरू झाला. प्रभू येशू या सणाच्या दिवसांत मंदिरात फिरत होता, असे योहान सांगतो. कोकणातल्या जुन्या बेने इस्राएलांना हा सण माहीत नव्हता. यावरून केहीमकरांनी तर्क केला की सण सुरू होण्यापूर्वीच ते देशाबाहेर पडले असावेत. एलियावरची त्यांची भक्ती व तेलाचा धंदा यांतही त्यांना उत्तरेकडील गालीलची खूण दिसली.

हा तर्क सिद्धान्त म्हणून स्वीकारता येत नाही. एखादा सण माहीत नसणे याचा अर्थ तो कधीच माहीत नव्हता असा होत नाही, तो विसरलाही जाऊ शकतो. इतक्या जुन्या काळचा लेखी पुरावाही हाती नाही. पण मूळ दाव्यात तथ्य होते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनात बेने इस्राएलांमध्ये मध्यपूर्वेतील यहुदी आणि स्थानिक भारतीय अशा दोन्ही वंशांचा वारसा आढळला. म्हणजे आजीने सांगितलेली कथा तारखेत चुकली असेल, नात्यात चुकली नव्हती.

केहीमकरांनी ज्या देशाशी नाते सांगितले, त्याच्या सीमा कधीच स्थिर नव्हत्या. शलमोनानंतर राज्य दुभंगले. उत्तरेचे राज्य अश्शूरने, दक्षिणेचे बाबिलोनने गिळले. मग पारशी, ग्रीक, मक्काबींचे वंशज आणि रोमन आले. इ. स. १३५ नंतर रोमनांनी यहुदिया हे नावच पुसून सिरिया पॅलेस्टिना असे नाव दिले. केहीमकरांच्या हयातीत तिथे तुर्की सुलतानाचा अंमल होता. सीमांचा असा खेळ आपणही पाहिला आहे. पंतसचिवांचे भोर संस्थान घाटाच्या दोन्ही अंगांना होते आणि कोकणातला सुधागडही त्यात होता. १९४८ च्या मार्चमध्ये संस्थान विलीन झाले, सुधागड कुलाबा जिल्ह्यात गेला व बाकीचा मुलूख पुणे जिल्ह्यात आला. नकाशा एका कागदाने बदलतो. माणसाचे नाते तसे बदलत नाही.

केहीमकर विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात देवाघरी गेले. त्यांचे हस्तलिखित त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. इमॅन्युएल ओल्सवँगर या अभ्यासकाने ते संपादित करून १९३७ साली प्रसिद्ध केले, आणि तेही तेल अवीव येथे. ज्या भूमीशी नाते सांगण्यासाठी ग्रंथ लिहिला, त्याच भूमीत तो छापला गेला.

१९४८ साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाले व बेने इस्राएल मोठ्या संख्येने तिकडे गेले. तिथे त्यांना एक दुःख सोसावे लागले. १९६१ नंतर तेथील मुख्य धर्मगुरूंनी त्यांच्या विवाहाच्या वेळी वंशाची चौकशी करण्याचा आदेश काढला. दोन हजार वर्षे शनिवार पाळल्याचे सांगणाऱ्यांना विचारले गेले की तुम्ही खरे यहुदी कशावरून? आंदोलने झाली, कुटुंबे यरुशलेममध्ये धरणे धरून बसली. अखेर १९६४ साली तेथील संसदेने ते सर्व बाबतींत पूर्ण यहुदी असल्याचे ठरवले. दावीद रहाबीची माशांची परीक्षा जणू पुन्हा एकदा झाली.

त्याच भूमीवर इतरांचेही घर होते, हेही आपण विसरता कामा नये. १९४८ च्या युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी अरबांना घरे सोडावी लागली. त्यांत ख्रिस्ती कुटुंबेही होती. त्यांच्याही आजीने नातवंडांना गावाची नावे सांगितली. एकाची आठवण खरी म्हणून दुसऱ्याची खोटी ठरत नाही. केहीमकरांच्या जीवनातून मला हे विशेष जाणवते. आपले नाते सांगताना त्यांनी कोणाची जमीन मागितली नाही. त्यांनी आपल्या मुलांसाठी शाळा मागितली. यरुशलेमकडे तोंड करून प्रार्थना करणारा हा माणूस मुंबईत राबला आणि जिथे राहिला त्या भूमीशीही प्रामाणिक राहिला.

आज भारतात यहुदी पाच हजारांच्या आसपास उरले आहेत. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. पुण्यात लष्कर भागातले लाल देऊळ आणि रास्ता पेठेतले सभास्थान उभे आहे. तिकडे इस्राएलमध्ये वयस्कर मंडळी अजून मराठी बोलतात. गंमत पाहा, इथे असताना ज्यांनी यरुशलेमची आठवण जपली, ते तिथे गेल्यावर कोकणाची आठवण जपू लागले.

आपल्या भोर-वेल्हे भागात भाटघर, पानशेत, वरसगाव, गुंजवणी, नीरा देवघर या धरणांखाली किती गावे गेली ते आपण जाणतोच. घरे, शेते, देवळे पाण्याखाली. उठून गेलेल्या कुटुंबांतील नातवंडांना त्या गावांची नावे किती ठाऊक असतील? आपण ख्रिस्ती कुटुंबेही निरनिराळ्या ठिकाणांहून इथे आलो आहोत. पहिला बाप्तिस्मा कोणाचा झाला, कोणत्या गावात झाला, घरात कोणती प्रार्थना म्हटली जाई, हे सांगणारी माणसे आज ऐंशीच्या घरात आहेत.

म्हणून एक छोटी विनंती. या आठवड्यात घरातील वडीलधाऱ्यांजवळ बसा. मुलांच्या हाती एक वही द्या आणि गावे, नावे, सण, प्रार्थना लिहून काढा. तारखा चुकल्या तरी चालतील. आणि रविवार पाळा. पोटाची निकड असतानाही एका समाजाने दर शनिवारी घाणा थांबवला, म्हणून तो उरला. हाईम सॅम्युएल केहीमकर यांच्या आत्म्याला अब्राहाम, इसहाक व याकोब यांचा देव चिरशांती देवो आणि त्या पवित्र भूमीत राहणाऱ्या सर्व लेकरांना न्याय व शांती लाभो, हीच प्रार्थना.