मायकेल फॅराडे : प्रकाश व चुंबक

वरसाव्याच्या पुलावरून सायंकाळी वसईच्या खाडीकडे पाहिले असता पाण्यावरील चकाकीने डोळे दिपतात. साध्या प्रकाशाच्या लहरींचा कंप सर्व बाजूंस होतो. पाण्यावरून वा काचेवरून तिरप्या परतलेल्या प्रकाशात मुख्यत्वे आडवा कंपच उरतो. त्यास ध्रुवित प्रकाश म्हणतात. अशा प्रकाशावर चुंबकाचीही सत्ता चालते, हे ज्यांनी प्रथम दाखविले त्यांचे अल्प चरित्र आम्ही वाचकांस सादर करीत आहो.

मायकेल फॅराडे यांचा जन्म 22 सप्टेंबर 1791 रोजी लंडननजीक एका लोहाराच्या घरी झाला. शिक्षण लिहिण्यावाचण्यापुरतेच. पुढे ते एका पुस्तकबांधणाऱ्याकडे उमेदवार राहिले व बांधावयास येणारी पुस्तके वाचू लागले. 1812 साली हम्फ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकून त्यांनी टिपणे काढली, स्वतः बांधली आणि डेव्हींकडे धाडली. 1813 साली रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये साहाय्यकाची जागा मिळाली. 1831 सालचा विद्युत्प्रवर्तनाचा शोध आमचे विद्यार्थी वर्गात शिकतातच.

आम्हांस अधिक हृद्य वाटते ती पुढील गोष्ट. दुर्बिणींसाठी निर्दोष काच करण्याचे काम त्यांजवर आले होते. वर्षानुवर्षे भट्टीपुढे खपूनही इच्छित फळ आले नाही. शिसेयुक्त जड काचेचे तुकडे मात्र उरले. त्यानंतर प्रकृती खालावली, स्मरणशक्ती दगा देऊ लागली. तशाही स्थितीत 1845 साली त्यांनी प्रकाश व चुंबक यांचा संबंध शोधण्यास आरंभ केला. साधी काच झाली, स्फटिक झाले, काही घडेना. 13 सप्टेंबरास त्यांनी ती जुनी जड काच काढली. दिव्याचा प्रकाश काचेवरून परतवून ध्रुवित केला, तो जड काचेतून नेला, आणि पाहण्याचा लोलक असा फिरविला की दिवा दिसेनासा व्हावा. विद्युच्चुंबक सुरू करताच दिवा दिसू लागला, बंद करताच मावळला. प्रकाशाच्या कंपाची दिशाच वळली होती!

मग उलट प्रश्न आला : प्रकाशाने चुंबकत्व वा वीज उपजेल काय? तारेच्या वेटोळ्यातून सूर्यकिरण सोडून त्यांनी पाहिले. काटा हलला नाही. 25 ऑगस्ट 1867 रोजी ते निवर्तले.

या प्रश्नास 2005 साली नेदरलँड्समधील नायमेखन येथे एक उत्तर मिळाले. डिस्प्रोसियम, लोह व प्राणवायू यांच्या एका स्फटिकातील अणुचुंबक परस्परांकडे पाठ करून असतात, म्हणून बाहेरून चुंबकत्व जवळजवळ दिसत नाही. त्यावर लेसरचा अतिक्षणिक, मळसूत्री फिरणारा झोत टाकताच ते अणुचुंबक डोलू लागले. झोत उजवीऐवजी डावीकडे फिरविला, तेव्हा डोलणेही उलटले.