कळा हलक्या करणारा डॉक्टर

जुन्या हिंदी सिनेमात खलनायक नाकाला रुमाल लावतो आणि नायिका क्षणात कोसळते. खरं तर क्लोरोफॉर्मने माणूस इतक्या पटकन बेशुद्ध होत नाही, काही मिनिटं लागतात. पण मैत्रिणींनो, ते बाळंतिणीच्या खोलीत आणणाऱ्या माणसाची गोष्ट त्याहून रंगतदार आहे.

जेम्स यंग सिम्पसन १८११ साली स्कॉटलंडमधल्या बाथगेट गावी, एका पाववाल्याच्या घरी जन्मला. आई लहानपणीच गेली. घरच्यांनी पोटाला चिमटा काढून चौदाव्या वर्षी त्याला एडिंबरोला शिकायला धाडलं. तिथे एका बाईच्या स्तनाची शस्त्रक्रिया त्याने पाहिली, तीही ती शुद्धीत असताना! पोरगा वैद्यकी सोडायलाच निघाला होता. सोडली नाही, हे आपलं नशीब. अठ्ठाविसाव्या वर्षी तो प्रसूतिशास्त्राचा प्राध्यापक झाला.

४ नोव्हेंबर १८४७ च्या रात्री सिम्पसन आणि त्यांचे दोन सहकारी घरातच क्लोरोफॉर्म हुंगत बसले. आधी हसणं, बडबड. मग तिघंही टेबलाखाली! काही दिवसांतच त्यांनी ते बाळंतिणीला दिलं. वेदना देवानेच बाईच्या वाट्याला दिल्यात, असं म्हणणारे निघालेच. सिम्पसननी बायबलमधूनच उत्तर दिलं : आदमची बरगडी काढण्याआधी देवाने त्याला गाढ झोपवलं होतं ना? १८५३ मध्ये खुद्द राणी व्हिक्टोरियाने आठव्या बाळंतपणात ते घेतलं. देणारे होते डॉक्टर जॉन स्नो.

पण जानेवारी १८४८ मध्येच न्यूकॅसलजवळ पंधरा वर्षांची हॅना ग्रीनर दगावली. पायाचं नख काढायचं, एवढंच काम! सिम्पसननी दोष दिला तो तिला शुद्धीवर आणायला पाजलेल्या ब्रँडीला. इथे आपल्या औषधावरची माया त्यांना नडली, असं वाटतं. क्लोरोफॉर्म हृदयाचे ठोके बिघडवतं, तेही पुष्कळदा गुंगी हलकी असतानाच. यकृतालाही इजा करतं. सिम्पसन ते रुमालावर अंदाजाने ओतत. स्नो मोजूनमापून देत. निजामाच्या पैशाने १८८८ आणि १८८९ मध्ये हैदराबादला दोन आयोग बसले. त्यांनी हृदयाला निर्दोष ठरवून श्वासावरच नजर ठेवायला सांगितलं. हृदयाचा धोका प्रयोगाने सिद्ध व्हायला १९११ उजाडलं.

तोवर सिम्पसन कधीच गेले होते, १८७० मध्ये. लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबीत दफनाचा मान देऊ केला होता, पण घरच्यांनी त्यांना एडिंबरोतच ठेवलं. अंत्ययात्रेला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसांची रीघ लागली होती.