विश्लेषण : दंतवैद्य, बाण आणि जळकी पाकिटे! ‘रॉकेट टपाल’ उडवणारे स्टीफन स्मिथ कोण होते?

कडा काळवंडलेल्या, एक कोपरा जळालेला, पत्ता शाईने लिहिलेला. असे जुने पाकीट घर आवरताना सापडले तर ते बहुधा रद्दीत जाईल. पण त्यावर रॉकेट टपालाचे लेबल, १९३४ ते १९४४ या काळातली तारीख आणि स्टीफन एच. स्मिथ अशी सही असेल, तर तेच पाकीट मिळवण्यासाठी टपाल-संग्राहक खिसा सैल करतात. भारतात पत्रे, चहा-साखर, एवढेच काय, जिवंत कोंबडासुद्धा रॉकेटने नदीपार पाठवणाऱ्या माणसाचे ते पाकीट असते. हा माणूस शास्त्रज्ञ होता, की संग्राहकांना माल पुरवणारा हौशी? उत्तर त्या पाकिटांवरच शोधावे लागते.

स्टीफन स्मिथ कोण होते?

स्टीफन हेक्टर टेलर-स्मिथ यांचा जन्म १४ फेब्रुवारी १८९१ रोजी शिलाँगचा. अँग्लो-इंडियन कुटुंब, शिक्षण आसनसोलच्या सेंट पॅट्रिक्स शाळेत. शाळकरी वयात मित्रांबरोबर आतषबाजीच्या बाणातून पाली उडवण्याचे उद्योग त्यांनी केले, अशी गोष्ट सांगितली जाते. दिवाळीत बाणाला काहीबाही बांधून पाहणारी मुले आपल्याकडेही प्रत्येक गल्लीत असतात. बहुतेकांचा तो नाद पुढे सुटतो. स्मिथ यांचा सुटला नाही. कोलकात्यात (तेव्हाचे कलकत्ता) त्यांनी आधी सीमाशुल्क खात्यात, मग पोलिसांत नोकरी केली आणि अखेर दंतवैद्यक पत्करले. चरितार्थ दातांवर चाले, जीव मात्र आकाशात अडकलेला असे. हवाई टपालाच्या पाकिटांचे ते पक्के संग्राहक होते. इंडियन एअरमेल सोसायटीचे काम त्यांनी पाहिले आणि भारतातल्या हवाई टपालाच्या उड्डाणांच्या नोंदी चिकाटीने जमवल्या. रॉकेटकडे ते वळले ते या छंदाच्या वाटेने. पुढचे बरेचसे त्यामुळेच समजते.

हवाई टपालाच्या पाकिटात एवढे काय असते?

तिकीट गोळा करणारा तिकीट पाहतो. टपालाचा इतिहास गोळा करणारा अख्खे पाकीट पाहतो. पत्र कुठून निघाले, कोणत्या मार्गाने गेले, किती पैसे पडले, वाटेत काय झाले, हे सगळे पाकिटावरच्या शिक्क्यांत नोंदलेले असते. विमान कोसळल्यावर ढिगाऱ्यातून किंवा पाण्यातून काढलेली पाकिटेही या शौकात जपली जातात.

या बाबतीत भारताचे खाते पहिल्याच पानापासून भरलेले आहे. १८ फेब्रुवारी १९११ रोजी अलाहाबादच्या प्रदर्शनाच्या मैदानातून आँरी पेके या फ्रेंच वैमानिकाने सुमारे साडेसहा हजार पत्रे घेऊन यमुनेपलीकडच्या नैनीपर्यंत उड्डाण केले. अंतर सुमारे दहा किलोमीटर. तरीही विमानाने अधिकृतपणे टपाल नेण्याची जगातली ती पहिली वेळ मानली जाते. प्रत्येक पत्रामागे सहा आणे जादा आकार होता आणि जमलेला पैसा तिथल्या एका विद्यार्थी वसतिगृहासाठी होता. त्या दिवशी स्मिथ यांना वीस वर्षे पूर्ण होऊन चार दिवस झाले होते.

पुढे १९२९ मध्ये इम्पीरियल एअरवेजने लंडन-कराची टपाल सुरू केले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी पस मॉथ हे छोटे विमान कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू धावपट्टीवर उतरवले आणि नेव्हिल विन्सेंट यांनी तेच टपाल पुढे मद्रासला नेले. मुंबईकरांना ही कथा पाठ असते. अशा प्रत्येक नव्या मार्गाच्या पहिल्या फेरीत स्वतःच्या पत्त्यावरची पाकिटे घालून ठेवणारे लोक देशभर होते. स्मिथ त्यांच्यातलेच, अशा पहिल्या उड्डाणांच्या पाकिटांवर त्यांचे नाव आजही आढळते.

रॉकेटने पत्र पाठवण्याची कल्पना कोणाची?

स्मिथ यांची नव्हे. ऑस्ट्रियाचे अभियंता फ्रीडरिश श्मिडल यांनी २ फेब्रुवारी १९३१ रोजी डोंगरावरून खालच्या गावाकडे १०२ पत्रांचे रॉकेट सोडले आणि ते नीट पोहोचले. डोंगराळ मुलखात पायवाटेने तासन् तास लागतात, तिथे रॉकेटला काही क्षण पुरतात, असा त्यांचा साधा हिशेब. जर्मनीचे गेरहार्ड झुकर हेही या खटपटीत होते. जुलै १९३४ मध्ये स्कॉटलंडच्या स्कार्प बेटावरून त्यांनी सोडलेले रॉकेट जागच्या जागी फुटले आणि पत्रे किनाऱ्यावर विखुरली. तीही पाकिटे आज संग्रहांत आहेत, जळक्या कडांसकट.

स्मिथ यांनी हे प्रयोग भारतात करायचे ठरवले. श्मिडल यांच्या वाटेत त्यांच्याच सरकारने अडथळे आणले. स्मिथ यांना मात्र इथल्या अधिकाऱ्यांनी परवानग्या दिल्या, प्रोत्साहनही दिले. बंगालमध्ये नद्या अफाट, पूल थोडे, पावसाळ्यात होड्या बंद. पलीकडच्या काठावर औषधाची पुडी पोहोचवायची तर दिवस मोडतो. अशा ठिकाणी बाण कामाला येईल, हा विचार खुळा नव्हता.

पहिल्या प्रयोगात काय झाले?

३० सप्टेंबर १९३४. जागा हुगळीच्या मुखाशी, सागर बेटाजवळ. आपल्याकडचे यात्रेकरू गंगासागर म्हणून ओळखतात तेच हे बेट. जहाजावरून किनाऱ्याकडे रॉकेट सोडायचे ठरले होते. जहाज अडकले, समुद्र खवळलेला आहे, होडी टाकता येत नाही, अशा वेळी किनाऱ्याशी संपर्क कसा ठेवायचा, याची ही चाचणी. रॉकेट उडाले आणि हवेतच फुटले. आतली पत्रे विखुरली. शोधाशोध करून त्यातली बरीच गोळा करण्यात आली.

दुसरा कोणी इथे थांबला असता. स्मिथ संग्राहक होते, म्हणून त्यांना ही पत्रेही मोलाची वाटली. फुटलेल्या रॉकेटमधले पत्र हीसुद्धा एक नोंदच. पुढच्या दहा वर्षांत त्यांनी सुमारे २७० रॉकेट सोडली; त्यातल्या किमान ८० उड्डाणांत टपाल होते. दारू भरलेली नळकांडी कोलकात्याच्या आतषबाजीच्या कारखान्यातून बनून येत. म्हणजे मूळ यंत्र आपल्या ओळखीचेच, दिवाळीतला बाण. फक्त आकाराने मोठा आणि पोटात पत्रांसाठी जागा असलेला.

१९३५ साली काय काय उडाले?

हे वर्ष स्मिथ यांचे. एप्रिलमध्ये ते सिक्कीमला गेले. तिथले महाराज ताशी नामग्याल यांनी प्रयोगांना राजमान्यता दिली आणि गंगटोकच्या परिसरात रॉकेटने पत्रे गेली. इथेच एक पाऊल पुढे पडले. पत्रांऐवजी चहा, साखर अशा रोजच्या वस्तूंचे छोटे पार्सल रॉकेटमध्ये घालून राणीखोला नदीपार पाठवण्यात आले. रॉकेटने गेलेले हे पहिले पार्सल मानतात. दऱ्याखोऱ्यांच्या त्या राज्यात या गोष्टीचे अप्रूप किती असेल, हे सह्याद्रीतल्या वाड्या-वस्त्यांवर पावसाळा काढलेल्यांना वेगळे सांगायला नको.

३१ मे १९३५ रोजी क्वेट्ट्यात भूकंप झाला. हजारो माणसे गेली, शहर उद्ध्वस्त झाले. जूनच्या पहिल्याच आठवड्यात स्मिथ यांनी बंगालमधल्या रूपनारायण नदीवरून तांदूळ, धान्य, मसाले आणि बिड्या घातलेले रॉकेट पलीकडे पाठवले. क्वेट्टा तिथून फार दूर. ही मदत तिकडे जाणार नव्हती. रस्ता तुटलेल्या ठिकाणी अन्न कसे टाकता येईल, याचे ते प्रात्यक्षिक होते. मसाल्यासोबत बिड्याही ठेवल्या, यावरून सामान बांधणाऱ्याला माणसांची पारख होती असे वाटते.

मग २९ जून. दामोदर नदीच्या काठी एक कोंबडा आणि एक कोंबडी रॉकेटमध्ये बसली. नावे ॲडम आणि ईव्ह. सोबत पत्रेही होती. रॉकेट नदीपार गेले आणि दोन्ही पक्षी जिवंत निघाले. नंतर कोलकात्यातल्या एका खासगी प्राणिसंग्रहालयाला ते देण्यात आले. आजच्या नजरेला हा प्रकार क्रूर वाटेल आणि ते चूकही नाही. पण वाचलेले पक्षी पाहून स्मिथ यांना उमगलेली गोष्ट वेगळी होती. पक्षी तगतो, तर औषधाची बाटलीही तगेल. याच वर्षी पंचम जॉर्ज यांच्या राज्यारोहणाला २५ वर्षे झाली, त्यानिमित्त खास छापलेली ‘रॉकेटग्राम’ही निघाली.

या सगळ्याचा खर्च कोण करत होते?

खरी मेख इथेच आहे. युरोपातही रॉकेट टपालाचे प्रयोग संग्राहकांच्या पैशावर उभे राहिले. पत्रावर खास लेबल लावायचे, रंगीत शिक्का मारायचा, रॉकेटमध्ये घालून उडवायचे आणि मग ते पाकीट विकायचे. पुढचे रॉकेट त्यातून. स्मिथ यांची लेबले आणि रॉकेटग्रामही संग्राहकांना डोळ्यांपुढे ठेवूनच छापली जात. राज्यारोहणाचा सोहळा असो, की १९३७ मध्ये दिल्लीत भरलेला स्काउटांचा अखिल भारतीय मेळावा, प्रसंग पाहून रॉकेट सुटे आणि प्रसंगाचे नाव पाकिटावर येई.

यावरून काही जण नाक मुरडतात. पत्र पोहोचवणे हे निमित्त, पाकीट विकणे हा उद्देश, असा त्यांचा आक्षेप. पाकिटे पाहिली तर या आक्षेपात तथ्य आहे. नदीपलीकडच्या कोणाला खरोखर तातडीने कळवायचे होते, अशी पत्रे त्यात विरळाच. पण निव्वळ विक्रीच करायची तर २७० वेळा दारूशी खेळण्याची गरज नव्हती. विकण्यापुरती दहा-वीस उड्डाणे पुरली असती, आणि धान्य, बिड्या, कोंबड्या उडवण्याचे तर कारणच नव्हते. उलट बाजूने, त्यांना भारतीय अवकाश विज्ञानाचे जनक वगैरे म्हणणेही अतिशयोक्तीचे. थुंब्याहून १९६३ मध्ये उडालेल्या रॉकेटची वंशावळ वेगळी आहे. स्मिथ यांनी रॉकेटचे शास्त्र फारसे पुढे नेले नाही; त्याचा उपयोग काय करता येईल, हे मात्र चिकाटीने करून दाखवले.

पाकीट खरे उडालेले, हे कसे ओळखायचे?

रॉकेट टपालाची लेबले म्हणजे सरकारी तिकिटे नव्हेत. टपाल पाठवण्याचा हक्क टपाल खात्याचा. त्यामुळे रॉकेटमधून उतरलेले पत्र पुढे नेहमीच्या टपालाने जायचे असेल तर त्यावर साधे तिकीट आणि टपाल कार्यालयाचा शिक्काही हवा. हा शिक्का संग्राहकाचा सगळ्यात मोठा आधार, कारण लेबल आणि खासगी शिक्का कोणीही कधीही उमटवू शकतो. उड्डाणाची तारीख आणि टपालाच्या शिक्क्याची तारीख जुळते का, स्मिथ यांची सही त्यांच्या इतर पाकिटांवरच्या सहीसारखी आहे का, हे आधी पाहतात. उडालेले आणि न उडालेले यांच्या किमतीत फरक असतो, म्हणून लबाडीलाही वाव असतो. जळका डाग हा पुरावा मानावा असा मोह होतो. पण मेणबत्तीनेही कागद जळतो.

हे टपाल पुढे का टिकले नाही?

नेम आणि भरवसा, दोन्ही नव्हते. आतषबाजीची दारू कधी नीट जळते, कधी एकदम पेटते. वाऱ्याने दिशा बदलते. पल्लाही नदी किंवा दरी ओलांडण्यापुरताच. त्याच काळात विमाने स्वस्त आणि भरवशाची होत गेली. पुढे जून १९५९ मध्ये अमेरिकी नौदलाने पाणबुडीवरून सोडलेल्या क्षेपणास्त्रातून तीन हजार पत्रे पाठवली, पण तेही एकदाच.

स्मिथ यांचे प्रयोग १९४४ पर्यंत चालले. फेब्रुवारी १९५१ मध्ये, साठीच्या उंबरठ्यावर, त्यांचे निधन झाले. डोंगराळ भागात औषधे आणि रक्ताच्या पिशव्या नेणारे ड्रोन आज बातम्यांत दिसतात. राणीखोलाच्या काठावर स्मिथ यांना सोडवायचा होता तो प्रश्न हाच. भारतीय टपाल खात्याने १९९२ मध्ये त्यांच्यावर तिकीट काढले. आयुष्यभर बिनसरकारी लेबले चिकटवणाऱ्याच्या नावाने अखेर सरकारी तिकीट निघाले.

एक व्यवहाराची गोष्ट. आपल्याकडे तिकिटे जमवणारी मुले पाकिटाचा कोपरा कापून वाटीभर पाण्यात टाकत आणि तिकीट सोडवून घेत. आजोबांच्या पेटीत हवाई टपालाचे जुने पाकीट सापडले तर त्याला कात्री किंवा पाणी लावू नका. लॅमिनेशनही नको. मागची बाजू आधी पाहा. पोहोचल्याचा शिक्का बहुधा तिथेच असतो.