स्वामी रामानंद तीर्थ

स्वामी रामानंद तीर्थ (मूळ नाव : व्यंकटेश भगवानराव खेडगीकर, ३ ऑक्टोबर १९०३ – २२ जानेवारी १९७२) हे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते, शिक्षक, संन्यासी आणि संसद सदस्य होते. पहिल्या लोकसभेत त्यांनी हैदराबाद राज्यातील गुलबर्गा मतदारसंघाचे, तर दुसऱ्या लोकसभेत द्वैभाषिक मुंबई राज्यातील औरंगाबाद मतदारसंघाचे प्रतिनिधित्व केले. या दोन निवडणुकांच्या मधल्या काळात हैदराबाद राज्यच विसर्जित झाले. हे विसर्जन व्हावे असा आग्रह धरणाऱ्यांत स्वामीजी आघाडीवर होते.

पूर्वायुष्य

त्यांचा जन्म आजच्या कर्नाटकातील सिंदगी येथे झाला. शिक्षण सोलापूर, अमळनेर आणि पुणे येथे झाले. लोकमान्य टिळकांच्या निधनाच्या दिवशी, १ ऑगस्ट १९२० रोजी, आजन्म अविवाहित राहून देशसेवा करण्याचा त्यांनी संकल्प केला. पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठातून पदव्युत्तर शिक्षण घेताना लोकशाहीच्या विकासावर त्यांनी प्रबंध लिहिला होता. पुढे काही काळ कामगार नेते ना. म. जोशी यांचे सचिव म्हणून त्यांनी काम केले.

१९२९ मध्ये ते उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत आले. १९२१ मध्ये सुरू झालेली ही शाळा निजामी राजवटीतील राष्ट्रीय शिक्षणाचे एक महत्त्वाचे केंद्र होती. हिप्परग्याला असतानाच त्यांनी संन्यासदीक्षा घेतली व खेडगीकर गुरुजी स्वामी रामानंद तीर्थ झाले. १९३५ मध्ये बाबासाहेब परांजपे आदी सहकाऱ्यांसह ते अंबाजोगाईला (तेव्हाचे मोमिनाबाद) गेले आणि योगेश्वरी विद्यालयाच्या उभारणीत गुंतले. त्यांच्या राजकीय कार्यकर्त्यांची पहिली फळी या दोन शाळांच्या परिसरातच तयार झाली.

मुक्तिसंग्राम

हैदराबाद संस्थानात तेलुगू, मराठी व कन्नड असे तीन भाषिक प्रदेश होते आणि राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. राजकीय पक्ष स्थापन करण्यास वाव नसल्याने जागृतीचे काम आंध्र महासभा, महाराष्ट्र परिषद आणि कर्नाटक परिषद या तीन संस्थांमधून चाले. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ मध्ये परतूर येथे व दुसरे १९३८ मध्ये लातूर येथे भरले. लोकांशी लोकांच्या भाषेत बोलण्याची ही पद्धत पुढील राजकारणाच्या दृष्टीने निर्णायक ठरली. भाषावार प्रांतरचनेविषयी स्वामीजींची जी भूमिका झाली, तिचे मूळ याच अनुभवात शोधावे लागते.

हैदराबाद स्टेट काँग्रेसवर स्थापनेपूर्वीच, सप्टेंबर १९३८ मध्ये, बंदी आली. २४ ऑक्टोबरला गोविंदराव नानल यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. पाठोपाठ सत्याग्रह करून स्वामीजींनी कारावास पत्करला. महात्मा गांधींच्या सल्ल्याने वर्षाअखेर हा लढा थांबवण्यात आला. १९४० चा वैयक्तिक सत्याग्रह आणि १९४२ चे आंदोलन यांतही त्यांना तुरुंगवास घडला. १९४६ मध्ये बंदी उठल्यावर अध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्यांनी मवाळ गटाचे बुर्गुला रामकृष्ण राव यांचा निसटत्या मतांनी पराभव केला. या गटबाजीने पुढे दशकभर काँग्रेसचा पाठलाग केला.

७ ऑगस्ट १९४७ रोजी भारतात विलीन होण्याच्या मागणीसाठी आंदोलन सुरू झाले. १५ ऑगस्टच्या सुमारास स्वामीजींना अटक झाली. जैसे थे करारानंतर त्यांची सुटका झाली, पण २६ जानेवारी १९४८ रोजी ते पुन्हा स्थानबद्ध झाले आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करेपर्यंत तुरुंगातच राहिले. नेता कैदेत असताना लढा कार्यकर्त्यांनी चालवला. दिगंबरराव बिंदू यांच्या अध्यक्षतेखाली कृती समिती काम करत होती, सरहद्दीवर शिबिरे उभी होती. नांदेड जिल्ह्यात तर या लढ्याची किंमत आधीपासूनच मोजली जात होती : बिलोली तालुक्यात अर्जापूरजवळ गोविंदराव पानसरे यांची ऑक्टोबर १९४६ मध्ये हत्या झाली होती. उमरखेड शिबिरातील कार्यकर्त्यांनी ३० जानेवारी १९४८ रोजी उमरी येथील बँकेवर टाकलेला छापा याच लढ्यातला.

गुलबर्गा ते औरंगाबाद

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत हैदराबाद राज्याच्या वाट्याला लोकसभेच्या २५ जागा होत्या. काही मतदारसंघ द्विसदस्यीय होते. नांदेड त्यांपैकीच एक असून तेथून शंकरराव टेळकीकर व देवराव कांबळे निवडून आले. लातूर नावाचा लोकसभा मतदारसंघ तेव्हा नव्हता. तो १९६२ च्या निवडणुकीत अस्तित्वात आला. स्वामीजी गुलबर्ग्याहून विजयी झाले. मराठवाड्याचे नेते म्हणून ओळखला जाणारा माणूस कन्नड भाषिक भागातून निवडून येतो, ही गोष्ट त्या जुन्या राज्याचे स्वरूप सांगून जाते.

मात्र हे राज्य टिकू नये, असेच स्वामीजींचे मत होते. हैदराबादची संमिश्र संस्कृती मोडू नये असे पंडित नेहरूंना वाटत असे आणि प्रदेश काँग्रेसमध्येही एकमत नव्हते. स्वामीजींनी त्रिभाजनाचा आग्रह सोडला नाही. फाजल अली आयोगाने १९५५ मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडण्याची शिफारस केली, तेलंगणाबाबत मात्र वेगळी तरतूद सुचवली. अखेर १ नोव्हेंबर १९५६ रोजी तेलंगणा आंध्र प्रदेशात, मराठवाडा मुंबई राज्यात आणि गुलबर्गा, रायचूर व बीदरचा कन्नड भाग म्हैसूर राज्यात गेला.

नांदेड-लातूर परिसराच्या सीमा याच वेळी बदलल्या. बीदर जिल्ह्यातील अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके मराठवाड्याला मिळाले व उस्मानाबाद जिल्ह्यात समाविष्ट झाले. १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाल्यावर ते त्यात आले. नांदेड जिल्ह्यातील मुधोळ, भैंसा, कुबेर, बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळे आंध्र प्रदेशाकडे गेली. उलट आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट तालुका व इस्लापूर मंडळ नांदेडला आले.

स्वामीजींचा मतदारसंघ दुसऱ्या राज्यात गेला. १९५७ मध्ये ते औरंगाबादहून काँग्रेसच्या तिकिटावर लोकसभेत गेले. संयुक्त महाराष्ट्राची मागणी त्यांना मान्य होती, तरी त्या निवडणुकीत ते द्वैभाषिक राज्य चालवणाऱ्या पक्षाचे उमेदवार होते. ही विसंगती त्यांच्या चरित्रात राहतेच.

शिक्षणकार्य व अखेरचा काळ

मुक्तीनंतर त्यांनी सत्तापद स्वीकारले नाही. नांदेड एज्युकेशन सोसायटीच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. तिचे पीपल्स कॉलेज १९५० मध्ये सुरू झाले. नरहर कुरुंदकर पुढे या महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. कूळकायदा, भूदान आणि खादी हे स्वामीजींच्या आस्थेचे अन्य विषय होते. गोविंदभाई श्रॉफ, अनंत भालेराव आणि पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांच्या प्रभावळीतले कार्यकर्ते. १९६२ नंतर ते संसदेत नव्हते. मुक्तिलढ्याच्या आठवणी त्यांनी इंग्रजीत लिहिल्या व त्या १९६७ मध्ये प्रसिद्ध झाल्या.

२२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबाद येथे त्यांचे निधन झाले. त्यांची समाधी तेथेच बेगमपेठ भागात आहे. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेड येथे त्यांच्या नावाचे विद्यापीठ स्थापन झाले. नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली हे जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात.