व्हिनेगरने न मेलेले जंतू: कापडवाला ल्युवेनहॉक आणि आपल्या हिरड्या

एरवी मी इथे फोन, ॲप आणि कॅमेऱ्यांबद्दल लिहितो. आज लिहितोय ३०० वर्षांपूर्वी वारलेल्या एका माणसाबद्दल. विषय तसा लेन्सचाच आहे, फक्त ती लेन्स माझ्या तोंडापर्यंत येऊन पोचली.

झालं असं की गेल्या वर्षी ब्रश करताना रक्त यायला लागलं. रिलीजचे दिवस होते, डॉक्टरकडे जायला वेळ नव्हता, निदान मी स्वतःला तसं सांगितलं. घरात अँटिबायोटिकची अर्धी स्ट्रिप पडून होती, ती संपवली. चार दिवसांत सूज उतरली. महिन्याभरात परत आली, आणि आता खालची एक दाढ जीभ लावली तरी हलल्यासारखी वाटत होती. वय २८. मग मात्र गुपचूप गेलो. डॉक्टर मॅडमनी खुणा केलेली एक बारीक सळई हिरडी आणि दात यांच्या फटीत घालून खोली मोजली. निरोगी हिरडीत ती १ ते ३ मिलिमीटर असते. माझ्या दाढेपाशी ६ निघाली. आपण ज्याला पायरिया म्हणतो तो हाच. गोळ्या घेऊन बरा का झाला नाही, असं विचारलं. त्या म्हणाल्या की दातावरच्या थरात गोळीचं फारसं काही चालत नाही, आधी थर खरवडून काढावा लागतो.

घरी येऊन हे कोडं शोधत बसलो, तर थेट १६८३ सालात पोचलो. दातावरच्या थरातले जंतू औषधाला दाद देत नाहीत हे तेव्हा एकाने स्वतःच्या तोंडात करून पाहिलं होतं. तो डॉक्टर नव्हता, शास्त्रज्ञही नव्हता. त्याचं कापडाचं दुकान होतं.

अँटोनी व्हॅन ल्युवेनहॉक. शाळेच्या पुस्तकात नाव असंच होतं, डच लोकांचा उच्चार लेवेनहुकच्या जवळ जातो. जन्म १६३२, हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावात. वडील टोपल्या विणायचे, ते अँटोनी लहान असतानाच गेले. १६ व्या वर्षी त्याला ॲम्स्टरडॅमला एका कापड व्यापाऱ्याकडे काम शिकायला ठेवलं. १६५४ मध्ये तो डेल्फ्टला परतला, लग्न केलं, दुकान टाकलं. पुढे नगरपालिकेत नोकरीही मिळाली. पाच मुलांपैकी मारिया ही एकच मुलगी जगली, आणि बायकोही १६६६ मध्ये गेली. विद्यापीठाचं तोंड त्याने पाहिलं नाही. त्या काळात शास्त्राची भाषा लॅटिन होती आणि ती त्याला येत नव्हती. आपल्याकडे इंग्रजी येत नाही म्हणून मागे राहणारी हुशार मुलं बघितली की मला हा माणूस आठवतो. त्याने आयुष्यभर फक्त डचमध्ये लिहिलं, आणि लंडनवाल्यांनी ते भाषांतर करून घेतलं.

कापडवाले धाग्यांची वीण तपासायला भिंग वापरायचे. ल्युवेनहॉकला लेन्सचा नाद तिथूनच लागला असावा. त्याचा सूक्ष्मदर्शक बघाल तर हसाल. बोटभर लांबीच्या दोन धातूच्या पट्ट्या, त्यांच्यामध्ये बसवलेली मोहरीच्या दाण्यासारखी एकच लेन्स, मागे एक टोकदार सुई आणि ती पुढेमागे करायला स्क्रू. जे बघायचं ते सुईच्या टोकावर लावायचं आणि लेन्स अगदी डोळ्याला टेकवून उजेडाकडे बघायचं. आज उरलेल्यांपैकी सगळ्यात ताकदवान नग उट्रेख्टला आहे, तो सुमारे २६६ पट मोठं दाखवतो. त्या काळचे दोन भिंगांचे सूक्ष्मदर्शक याच्या जवळपासही नव्हते, कारण प्रत्येक जास्तीच्या लेन्सबरोबर चित्र आणखी धूसर व्हायचं. स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश यांनी बनवलेला कागदी फोल्डस्कोप पाहिला असेल, तर तत्त्व हेच आहे: एक बारीक गोल लेन्स, बस.

ही लेन्स तो कशी बनवायचा हे मात्र त्याने कुणालाही सांगितलं नाही. पक्का क्लोज्ड सोर्स. घरी आलेल्या मोठ्या लोकांना साधे नग दाखवायचा, सगळ्यात चांगले आत ठेवायचा. थेट २०२१ मध्ये डच संशोधकांनी न्यूट्रॉनचा मारा करून, यंत्र न उघडता, उट्रेख्टच्या लेन्सचा आकार पाहिला. ती घासून बनवलेली नव्हती, काच वितळवून केलेला थेंब होता. गंमत म्हणजे हीच पद्धत लंडनच्या रॉबर्ट हूकने आधीच छापून टाकली होती. मला विचाराल तर हे लपवणं त्याची सगळ्यात मोठी चूक. तो गेल्यावर त्याच्या तोडीचं काम पुढे नेणारं कुणी राहिलं नाही.

१६७३ पासून तो लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्रं पाठवू लागला. १६७६ मध्ये त्याने कळवलं की पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जिवंत प्राणी आहेत. लंडनमध्ये विश्वास बसेना. तिथे करून पाहिलं तर आधी काहीच दिसलं नाही. मग त्याने गावातल्या आठ प्रतिष्ठित लोकांना लेन्समधून बघायला लावून त्यांच्या सह्यांची प्रमाणपत्रं पाठवली. १६७७ च्या नोव्हेंबरमध्ये हूकला ते प्राणी दिसले, तेव्हा कुठे विषय मिटला. १६८० मध्ये सोसायटीने त्याला सदस्य करून घेतलं.

आता दात. १७ सप्टेंबर १६८३ चं पत्र आहे. तो रोज सकाळी मिठाने दात घासायचा, काडीने दाढा कोरायचा, वर फडक्याने पुसायचा. पन्नाशीतला माणूस, त्या काळाच्या मानाने दात झकास. तरीही दातांच्या फटीत पिठासारखा पांढरा पदार्थ साठायचा. तो त्याने काढला, पावसाच्या स्वच्छ पाण्यात मिसळला आणि लेन्ससमोर धरला. आत वळवळ चालली होती. काही प्राणी पाण्यातून माशासारखे सुळकन जात होते, काही भोवऱ्यासारखे फिरत होते. त्याने चित्रं काढली, एकाच्या जाण्यायेण्याची वाटसुद्धा ठिपक्यांनी दाखवली. बॅक्टेरियाची ही सगळ्यात जुन्या चित्रांपैकी आहेत.

मग त्याने जे केलं ते मला फार आवडतं, कारण कुठलाही चांगला टेस्टर हेच करेल: सॅम्पल वाढवलं. दोन बायका, एक ८ वर्षांचं मूल, आणि एक म्हातारा ज्याने जन्मात कधी दात साफ केले नव्हते. त्या म्हाताऱ्याच्या तोंडात इतकी गर्दी निघाली की पाणीच जिवंत झाल्यासारखं वाटलं.

पुढचा प्रयोग व्हिनेगरचा. फटीतला तो पदार्थ पाण्यात मिसळून त्यात थोडंसं व्हिनेगर टाकलं, तर प्राणी लगेच मेले. म्हणजे औषध तर सापडलं! मग त्याने कडक व्हिनेगर तोंडात घेतलं, दात मिटून ते फटींमधून पुन्हापुन्हा फिरवलं, नंतर साध्या पाण्याने तीनदा चूळ भरली. परत दातांमधून पदार्थ काढून पाहिला, तर प्राणी जिवंत. जास्त करून दाढांमधले. त्याने सरळ निष्कर्ष काढला की व्हिनेगरने थराच्या बाहेरच्या बाजूचे मारले, आतपर्यंत ते पोचलंच नाही.

इथे मला माझी अर्धी स्ट्रिप आठवली.

आज त्या थराला बायोफिल्म म्हणतात. बॅक्टेरिया दाताला चिकटतात आणि स्वतःभोवती एक चिकट पदार्थ सोडतात. शेकडो जाती त्यात एकत्र राहतात. औषधाचा काही भाग त्या चिकट पदार्थात अडकतो. काही बॅक्टेरिया औषध तोडणारी रसायनं बाहेर सोडतात, त्याचा फायदा शेजाऱ्यांनाही होतो. आणि खोलवरचे बॅक्टेरिया खूप हळू वाढतात. पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं बॅक्टेरिया वाढताना, भिंत बांधताना मारतात. जो झोपलाय त्याला काय मारणार? ॲप स्वाइप करून बंद केलं आणि बॅकग्राउंड सर्व्हिस चालूच राहिली, तसं काहीसं. माझी सूज उतरली ती वरवरचे मेले म्हणून. खालची वसाहत तशीच होती. वर लाळेतल्या क्षारांनी जुना थर दगडासारखा कडक होतो, तो तर ब्रशलाही ऐकत नाही.

म्हणून पायरियावर आधी स्केलिंग आणि हिरडीच्या खाली मुळाची सफाई करतात. थर मोडला, सुटा झाला, की मग अँटिबायोटिकला काम करायला वाव मिळतो, अगदी ल्युवेनहॉकने पाण्यात मिसळलेल्या पदार्थासारखा. तेही प्रत्येकाला देत नाहीत. खोल फटी, कमी वयात वेगाने झिजणारं हाड, अशा वेळी डॉक्टर सफाईबरोबर अमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडाझोल अशी जोडी देऊ शकतात. मेट्रोनिडाझोल ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या जंतूंवर चालतं, आणि खोल फटीत तेच राहतात. कधी गोळीऐवजी जेल किंवा औषधाची छोटी चिप थेट फटीतच ठेवतात, म्हणजे सगळ्या शरीराला औषध द्यावं लागत नाही. मला यातलं काहीच दिलं नाही. फक्त दोन बैठकांत सफाई. दुसऱ्या दिवशी थंड पाणी पिववत नव्हतं, ते आठवड्याभरात कमी झालं.

हे जंतू रोग करतात हे ल्युवेनहॉकला सुचलं नाही. ते कळायला पाश्चर आणि कॉख यांचा काळ उजाडावा लागला. कॉखच्या प्रयोगशाळेत शिकलेल्या विलोबी मिलर या दंतवैद्याने १८९० मध्ये तोंडातल्या जंतूंवर अख्खं पुस्तक लिहिलं. पेनिसिलिन तर १९२८ मधलं. ल्युवेनहॉक बघणारा होता, इलाज करणारा नव्हता. पण बघायचं त्याने सोडलं नाही. १६९२ च्या एका पत्रात तो पुन्हा दातांकडे वळला. या वेळी पुढच्या दातांवर त्याला जिवंत प्राणी मिळेनात. त्याला वाटलं, आपण रोज सकाळी गरमागरम कॉफी पितो त्याने ते मरत असावेत. मग त्याने मागच्या दाढांमधून पदार्थ काढला, जिथे कॉफीची आच पोचत नव्हती. तिथे सगळे मजेत होते.

१६९८ मध्ये रशियाचा झार पीटर त्याचं काम बघायला डेल्फ्टला आला होता. शेवटच्या आजारपणातही तो पत्रं सांगून लिहवून घेत होता. २६ ऑगस्ट १७२३ ला तो गेला, वयाच्या ९० व्या वर्षी. बापाचं घर सांभाळत आयुष्य काढलेल्या मारियाने त्याच्या इच्छेप्रमाणे चांदीचे २६ सूक्ष्मदर्शक एका पेटीत घालून लंडनला पाठवले. पुढे ती पेटी सोसायटीकडून हरवली. त्याने बनवलेल्या ५०० च्या आसपास नगांपैकी आज जेमतेम दहा-बारा शिल्लक आहेत.

माझी दाढ अजून जागेवर आहे. मागच्या तपासणीत सळई ४ मिलिमीटरपर्यंत गेली, पुढची तारीख तीन महिन्यांनी आहे.