राज्यांचा संघ आणि बाबासाहेब

प. पू. बाबासाहेबांचा फोटो नाही असे घर आपल्या वस्तीत सापडायचे नाही. फोटोत हातात घटनेचे पुस्तक असते. पण दिल्लीचे सरकार कुठे संपते आणि राज्याचे कुठे सुरू होते, असे पोरांनी विचारले की आपण मोठी माणसं एकमेकांची तोंडं बघतो. म्हणून बाबासाहेबांचे चरित्र या खेपेस आम्ही याच एका अंगाने सांगायचे ठरवले. चवदार तळे, काळाराम मंदिर तर सर्वांना पाठच आहे.

सुभेदार रामजींचा हा मुलगा भावंडांबरोबर वडिलांकडे गोरेगावला निघाला होता. मसूर स्टेशनावर जात कळली आणि गाडीवान मिळेना. दुप्पट भाडे द्यायचे आणि बैलगाडी पोरांनीच हाकायची, या बोलीवर एक जण तयार झाला. वाटेत प्यायला पाणी मिळाले नाही. गाव म्हणजे काय, ते त्यांना त्या वयातच कळले.

1913 साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे त्यांनी ब्रिटिश अमलातल्या प्रांतांच्या जमाखर्चावर प्रबंध लिहिला. 1833 नंतर साऱ्या देशाचा महसूल मध्यवर्ती तिजोरीत जाई आणि खर्च मात्र प्रांत करीत. कमावणारा एक, उडवणारा दुसरा. मग काटकसर कोण करणार? हा प्रबंध 1925 साली पुस्तकरूपाने निघाला. केंद्र आणि प्रांत यांचा हिशेब बाबासाहेबांना घटना लिहायच्या कितीतरी आधी तोंडपाठ होता, हे आम्हाला मुद्दाम सांगावेसे वाटते. आज केंद्राच्या करातला वाटा राज्यांना किती द्यायचा, याची शिफारस कलम 280 खालचा वित्त आयोग करतो.

1939 साली पुण्याच्या गोखले संस्थेत त्यांनी 1935 च्या कायद्यातल्या संघराज्याची चिरफाड केली. लोकांनी निवडलेल्या प्रतिनिधींच्या शेजारी संस्थानिकांनी नेमलेली माणसे बसणार, हे त्यांना मान्य नव्हते.

1946 साली ते बंगालमधून घटना समितीवर निवडून आले. फाळणीत ती जागा गेली, तेव्हा मुंबई प्रांतातून पुन्हा निवडून आले. ऑगस्ट 1947 मध्ये मसुदा समिती नेमली गेली आणि ते तिचे अध्यक्ष झाले. मसुद्यात भारताला राज्यांचा संघ म्हटले होते. राज्यांनी आपसांत करार करून हा देश बनवलेला नाही, त्यामुळे कुठल्याही राज्याला फुटून निघता येणार नाही, असा त्यांनी खुलासा केला. घटनेत तीन याद्या आल्या. सुरुवातीला केंद्राकडे 97 विषय, राज्यांकडे 66 आणि दोघांच्या सामाईक यादीत 47. उरलेसुरले सगळे केंद्राकडे. नागरिकत्व एकच. पण राज्यांचे अधिकार ही दिल्लीची मेहेरबानी नव्हे. तेही घटनेनेच दिलेले आहेत.

काही सभासदांना गाव हाच पाया हवा होता. बाबासाहेबांनी ते ऐकले नाही, पाया माणूस धरला. मसूरची गाडी आठवली म्हणजे त्याचे कारण वेगळे सांगावे लागत नाही.

आता आपल्या कामाची गोष्ट. कलम 17 ने अस्पृश्यता गेली. पण ती पाळणाऱ्याला शिक्षा देणारा कायदा करायचा कोणी? कलम 35 सांगते, फक्त संसदेने, राज्याच्या विधिमंडळाने नाही. म्हणून 1955 चा अस्पृश्यता गुन्हे कायदा आणि 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा, दोन्ही दिल्लीत झाले. पोलीस मात्र राज्यांच्या यादीत. कायदा दिल्लीचा, ठाणं राज्याचं. गावाकडे तक्रार नोंदवायला गेलेल्या आपल्या माणसांना ही फट चांगली ठाऊक आहे.

भाषावार राज्यांबद्दल त्यांचे मत बदलले, हे आपल्यातही फारसे कोणी बोलत नाही. 1948 साली त्यांना मुंबईसह एक महाराष्ट्र हवा होता. 1955 साली त्यांनी चार भाग सुचवले, त्यात मुंबई वेगळी. मोठ्या राज्यात मोठी जातच राज्य करील आणि लहान समाज चिरडला जाईल, ही त्यांची भीती होती.

14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षा झाली. 6 डिसेंबरला ते गेले. 1950 च्या आदेशात अनुसूचित जातीत बौद्धांना जागा नव्हती, आणि तो बदलणे संसदेच्या हाती होते. 1 मे 1960 ला मुंबईसह एकच महाराष्ट्र झाला, आणि ज्या मोठ्या राज्याची बाबासाहेबांना धास्ती होती त्याच राज्याने त्या वर्षी नवबौद्धांना आपल्या सवलती दिल्या. दिल्लीने आदेश बदलला तो 1990 साली, जन्मशताब्दी वर्षात. मधल्या काळात ज्यांचं केंद्रातल्या नोकरीचं वय उलटून गेलं, ते आपल्यातले काही आजोबा आजही विहारात वंदनेला येतात.